युरियाचा ईसी का येत नाही?

ऑगस्टमध्ये आमच्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी दप्तरातून जाड पेनासारखे एक उपकरण घेऊन आली. तिच्या वडिलांचे ईसी मीटर, म्हणजे विद्युतवाहकता मोजायचे. आमच्या निफाड तालुक्यात ठिबकवर द्राक्षे आणि टोमॅटो घेणाऱ्या बऱ्याच घरांत ते असते. पाण्यातून वीज जितकी सहज वाहते तितका त्यावरचा आकडा मोठा, आणि त्यावरून पाण्यात खत किती उतरले याचा अंदाज घेतात. मधल्या सुट्टीत तिने बाकावर तीन पेले मांडले. पहिल्यात शाळेच्या टाकीतले पाणी, आकडा ०.७. दुसऱ्यात तेच पाणी आणि चिमूटभर ०:०:५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. आकडा दोनच्या पुढे गेला. तिसऱ्यात तिने चमचाभर युरिया टाकला. तो सगळा विरघळला, पेला हाताला गार लागला, पण आकडा होता तिथेच राहिला.

"पप्पा म्हणतात, युरियाचा ईसी येत नाही. का येत नाही, मॅडम?"

रासायनिक बंधाचा धडा आम्ही आठच दिवसांपूर्वी संपवला होता. चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण होते. सोडियम क्लोराइडची ठिपक्यांची आकृती, पाण्याच्या रेणूची आकृती, आयनिक आणि सहसंयुज संयुगांच्या गुणधर्मांतला फरक, सगळे तिने न चुकता लिहिले होते. त्या फरकाच्या तक्त्यात एक ओळ विद्युतवहनाचीही होती. तरी बाकावरच्या पेल्याचा आणि वहीतल्या त्या ओळीचा काही संबंध आहे, हे तिच्या मनात आले नाही. तिचा त्यात दोष नाही. मीच तिला ते दोन वेगळ्या जगांतले असल्यासारखे शिकवले होते, आणि गेली बावीस वर्षे मी तसेच शिकवत आले आहे.

माझे म्हणणे असे आहे की हा धडा आपण उलटा शिकवतो. आधी इलेक्ट्रॉन संरूपण, मग अष्टक (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन), मग अणूची 'गरज', मग बंध, आणि तास उरला तर पदार्थ. तो पदार्थापासून सुरू व्हायला हवा. आणि अणूला काहीतरी हवे असते, ही गोष्ट त्यातून पूर्णपणे जायला हवी. राज्यात नवा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने वर येतो आहे. तो आठवीपर्यंत पोहोचण्याआधीच हे बोलायला हवे, कारण पुस्तक एकदा छापले की पुढची काही वर्षे त्यात फक्त मुद्रणदोष दुरुस्त होतात.

आधी त्या गोष्टीबद्दल. वर्गात आणि गाइडमध्ये ती साधारण अशी सांगितली जाते. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा आहे, त्याला तो नकोसा झाला आहे. क्लोरीनला एक कमी पडतो आहे. सोडियम देतो, क्लोरीन घेतो, दोघेही सुखी. मुलांना ही गोष्ट आवडते. मीही ती हातवारे करून, दोन मुलांना फळ्यापाशी उभे करून, एकाच्या हातातला खडू दुसऱ्याला द्यायला लावून सांगितली आहे.

पण ती खरी नाही, आणि किती खोटी आहे हे साध्या हिशोबाने कळते. सोडियमच्या अणूपासून तो एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला दर मोलमागे (मोल म्हणजे अणू मोजायचे ठरावीक माप) ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. सोडियम तो आपणहून सोडत नाही, धरून ठेवतो. क्लोरीनच्या अणूने तो इलेक्ट्रॉन घेतल्यावर परत मिळतात ३४९ किलोज्यूल. म्हणजे ज्या देवाणघेवाणीने दोघेही सुखी झाले असे आपण सांगतो, तिच्यात १४७ किलोज्यूलचा तोटा आहे. एवढ्यावरच व्यवहार संपला असता तर जगात मीठ तयार झाले नसते. तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीवर. धन आणि ऋण आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, एकमेकांना ओढून घेत, एकाआड एक रचले जाऊन स्फटिक बांधतात, तेव्हा दर मोलमागे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. मीठ टिकते ते या रचनेमुळे, या सर्व बाजूंनी असलेल्या ओढीमुळे. आणि नेमकी हीच पायरी आठवीच्या फळ्यावर येत नाही. तिथे गोष्ट खडू हातात पडला की थांबते.

हे आकडे आठवीत शिकवा, असे मी म्हणत नाही. शिक्षकाला मात्र ते ठाऊक हवेत, म्हणजे त्यांच्या विरुद्ध जाणारी गोष्ट तो सांगणार नाही. अकरावीत गेल्यावर हाच विद्यार्थी आयनीभवन ऊर्जेचा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा, तक्ता पाहतो, त्यात सोडियमसमोर धन चिन्हाचा आकडा दिसतो, आणि गोंधळतो. तीन वर्षांपूर्वी आपल्याला जे सांगितले ते काय होते? बहुतेक जण असा प्रश्न विचारत नाहीत. तक्ता पाठ करतात आणि जुनी गोष्टही मनात तशीच राहू देतात. विज्ञानात दोन परस्परविरोधी गोष्टी शेजारी शेजारी ठेवून जगायची सवय इथे लागते. मला सगळ्यात जास्त वाईट वाटते ते याचे.

दुसरे नुकसान आकृतीमुळे होते. एक सोडियम, एक क्लोरीन, मध्ये बाण. मूल समजते की मिठाच्या दाण्यात अशा जोड्या भरलेल्या आहेत आणि प्रत्येक सोडियमचा आपला एक ठरलेला क्लोरीन आहे. "मिठाचा रेणू काढा" असे सांगितले तर आठवी-नववीतली मुले बिनदिक्कत काढतात, आणि प्रश्नातच चूक आहे हे एकही मूल म्हणत नाही. ही फक्त आपल्याकडची अडचण नाही. इंग्लंडमध्ये किथ टेबर यांनी १९९०च्या दशकापासून विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून हेच दाखवले. मुलांच्या मते बंध फक्त त्या एकाच क्लोराइडशी असतो, ज्याला इलेक्ट्रॉन दिला. बाकीचे नुसते शेजारी.

खरे तर मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन सारख्याच अंतरावर असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोणी कोणाचा खास नाही. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने ही रचना उलगडली, आणि १९१५ मध्ये दोघांना मिळून नोबेल मिळाले. तरीही मोठमोठ्या लोकांना ते पचले नाही. हेन्री आर्मस्ट्राँग हे ब्रिटनमधले नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९२७ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, 'नेचर'मध्ये एक चिडलेले पत्र लिहिले. त्याचा मथळाच होता 'बिचारे मीठ!' मिठात रेणू नाहीत, नुसती बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आहे, हे त्यांना मान्यच होईना.

आर्मस्ट्राँग यांचे हे पत्र मला नेहमी आठवते ते वेगळ्याच कारणाने. शाळेतल्या मुलांनी विज्ञान ऐकून शिकू नये, स्वतः करून शोधत शिकावे, हा आग्रह इंग्लंडमध्ये ज्यांनी सर्वांत जोराने धरला, ते हेच. अशा माणसालासुद्धा 'रेणू म्हणजे जोडी' हे मनातले चित्र सोडता आले नाही. मग तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात आपण पहिल्याच दिवशी तेच चित्र कोरले, तर पुढे ते पुसायला किती कठीण जाईल?

आता पदार्थापासून सुरुवात म्हणजे काय, ते सांगते.

आमच्याकडे दृष्ट काढली की मीठ-मोहऱ्या चुलीत टाकतात. खडे मीठ तडतडते, हे प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. मी वर्गात विचारते, ते वितळते का? कोणालाच खात्री नसते. मग लोखंडी पळीत मीठ, साखर, मेणाचा तुकडा असे एकेक तापवायचे. मेण लगेच पाणी होते. साखर पिवळी, मग तपकिरी होते आणि पाघळते. मीठ तडतडते, कारण खड्याच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दाणा फुटतो, पण ते वितळत नाही. गॅस कितीही मोठा केला तरी पळीत मीठ आहे तसेच राहते. त्याला वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. मुले हे पाहतात तेव्हा त्यांच्या तोंडून प्रश्न आपोआप येतो की याच्यात असे काय घट्ट आहे. बंध या शब्दाची गरज तेव्हा पहिल्यांदा निर्माण होते.

दुसरा प्रयोग त्या मुलीच्या पेल्यांचाच. ईसी मीटर नसेल तर नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, एक रेझिस्टर आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली पुरतात. पाणी मात्र इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते घ्यावे, कारण आमच्या विहिरीच्या पाण्यात आधीच इतके क्षार असतात की एलईडी नुसत्या पाण्यातच उजळतो. कोरडे मीठ, दिवा बंद. साखरेचे पाणी, बंद. युरियाचे पाणी, बंद. मिठाचे पाणी, दिवा लागतो आणि पेन्सिलींच्या टोकांना बुडबुडे येतात. खिडक्या उघड्या ठेवून हे दोन मिनिटांत उरकायचे, कारण क्लोरीनचा वास येऊ लागतो. तो वाससुद्धा शिकवतो. नळाच्या पाण्यातला वास तो हाच, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते, आणि मिठात खरोखर क्लोरीन आहे यावर त्यांचा विश्वास बसतो.

इथे मी थांबून विचारते की वीज वाहायला काय लागते. सातवीत त्यांनी केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचललेले असतात. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, हे ठाऊक असते. मग पाण्यात हलू शकणारे प्रभारित कण मिठातून आले असणार, साखरेतून आले नसणार, आणि कोरड्या दाण्यात ते एकमेकांना इतके घट्ट धरून असणार की हलूच शकत नाहीत, इथपर्यंत मुले स्वतः येतात. सगळीच येतात असे नाही. साठातली दहा-बारा येतात, आणि ती बाकीच्यांना माझ्यापेक्षा चांगले समजावतात. आयन हा शब्द मी यानंतर देते. इलेक्ट्रॉनचे ठिपके त्याच्याही नंतर.

सहसंयुज बंधाचेही तसेच. दोन हायड्रोजन अणू जवळ येतात तेव्हा दोन्ही इलेक्ट्रॉनांना दोन्ही अणुकेंद्रके ओढतात. मधल्या जागेतले ते ऋण इलेक्ट्रॉन दोन धन केंद्रकांना एकत्र धरून ठेवतात. ओढ तीच, कंगव्याची आणि कपट्याची. 'वाटून घेणे' या शब्दाने हे सगळे झाकले जाते. डबा वाटून खाल्ला म्हणून दोन मुले एकमेकांना चिकटत नाहीत. आपल्या पाठ्यपुस्तकात यासाठी 'संदान' असा शब्द आहे. मुलांना तो अवघड वाटतो, शिक्षक त्याचा अर्थ 'भागीदारी' असा सांगून पुढे जातात. संस्कृतात संदान म्हणजे जनावर बांधायचे दावे. हा अर्थ कळल्यापासून मी वर्गात तोच सांगते, कारण आमच्या मुलांनी गोठ्यात दावे रोज पाहिलेले असते. अवघड म्हणून हिणवल्या गेलेल्या या एका शब्दात भागीदारीपेक्षा जास्त रसायन आहे. सेमी-इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांना 'शेअरिंग' एवढेच मिळते, आणि त्यात दावे नाही.

याच ठिकाणी आणखी एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती सांगायलाच हवी. सहसंयुज पदार्थ लवकर वितळतात कारण सहसंयुज बंध दुर्बल असतो, असे सर्रास लिहून घेतले जाते. मेण वितळते तेव्हा त्यातला एकही सहसंयुज बंध तुटत नाही. रेणू फक्त एकमेकांपासून सुटे होतात, रेणू-रेणूमधली ओढ कमी असते म्हणून. पाणी उकळून वाफ झाले तरी ते पाणीच असते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होत नाहीत. आणि जिथे संपूर्ण दगडच सहसंयुज बंधांनी विणलेला असतो, अशी गारगोटी हातोडीने फोडून पाहा. ती मिठाच्या दुप्पट तापमानालाही वितळत नाही.

दोन खण आखून संयुगे त्यांत टाकायची सवयही मुलांना प्रत्यक्षापासून दूर नेते. त्या मुलीचे ०:०:५० घ्या. पोटॅशियम आणि सल्फेट यांच्यात आयनिक ओढ आहे, पण सल्फेटच्या आत गंधक आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधाने बांधलेले आहेत. बोर्डो मिश्रणातले मोरचूद तसेच, पाण्यात फिरवायची तुरटी तशीच, ढोकळ्यातला सोडा तसाच. घरात आणि शेतात दिसणाऱ्या कितीतरी पदार्थांत दोन्ही बंध एकत्र आहेत. 'खालील संयुगांचे आयनिक व सहसंयुज असे वर्गीकरण करा' या प्रश्नात ते सहसा येत नाहीत, कारण आले तर प्रश्नच मोडेल.

माझ्या सहकाऱ्यांचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते पोकळ नाहीत. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांमधल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर वर्षाला १२,००० रुपये, बारावीपर्यंत. गरीब घरात ही रक्कम मोठी आहे. ही परीक्षा पर्यायी प्रश्नांची आहे. अष्टकाचा नियम पाठ असला की पर्याय झटकन निवडता येतो, आणि पळीत मीठ तापवण्यात गेलेला तास सरावात घालवता आला असता. हे मला मान्य आहे. पण माझा अनुभव सांगतो की पेल्यांचा प्रयोग केलेल्या मुलांना फरकाचा तक्ता पाठ करावा लागत नाही. तो त्यांना आठवतो. अष्टकाचा नियम मीही शिकवते, हिशोबाची एक सोय म्हणून. कोणते आयन तयार होतील याचा अंदाज त्यावरून येतो. कारण म्हणून मात्र तो सांगत नाही. ज्या निष्क्रिय वायूंचे पूर्ण अष्टक आपण आदर्श म्हणून दाखवतो, त्यांतल्या झेनॉनचे संयुग नील बार्टलेट यांनी १९६२ मध्येच करून दाखवले आहे.

हा विषय आठवीतून काढून वरच्या इयत्तेत न्यावा, असेही काही जण सुचवतात. केंद्रीय अभ्यासक्रमात तो दहावीत येतो, आणि २०२३ मध्ये तर एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून आवर्तसारणीचा धडाच वगळला. मी याच्या विरोधात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक मुलाला जे शिक्षण मिळण्याची हमी दिली आहे, ती चौदाव्या वर्षापर्यंत, साधारण आठवीपर्यंतच आहे. जे मूल पुढे अकरावी विज्ञानाला जाणार नाही, आणि आमच्याकडे बहुतेक जाणार नाहीत, त्याला खत, क्षार, पाणी, औषध यांच्यामागचे तत्त्व समजण्याची ही शेवटची खात्रीची संधी आहे. म्हणून हा धडा आठवीतच हवा, आणि जे पुढे रसायनशास्त्र शिकणार नाहीत त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला हवा.

साहित्य नाही, वर्ग मोठे आहेत, हा आक्षेप सर्वांत जुना. त्याचे उत्तरही शेजारच्या राज्यात मिळालेले आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांमध्ये प्रयोगांवर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू झाले. खेड्यातल्या सरकारी उच्च प्राथमिक शाळा, साध्या वस्तूंची पेटी, मुलांचे छोटे गट, स्वतःच्या निरीक्षणांवरून लिहिलेली वही, आणि पुस्तक उघडे ठेवून द्यायची परीक्षा. ते तीस वर्षे चालले, शेकडो शाळांत पसरले. २००२ मध्ये सरकारी निर्णयाने ते बंद झाले. साहित्य नसल्यामुळे बंद पडले नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. नव्या पुस्तकात या धड्याची पहिली दोन पाने मीठ, साखर, मेण आणि युरियाची असावीत. मिठाची पहिली आकृती जोडीची नसून स्फटिकाची असावी. 'इच्छा', 'गरज', 'सुखी' हे शब्द अणूसाठी वापरू नयेत, पुस्तकात नाही आणि शिक्षक प्रशिक्षणातही नाही. आणि प्रश्नपत्रिकेत एक तरी प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर प्रयोग केल्याशिवाय देता येणार नाही.

त्या दिवशी त्या मुलीला मी उत्तर सांगितले नाही. तिसऱ्या पेल्यात प्रभार असलेले कण आहेत का, एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी ती आली ती पुढचाच प्रश्न घेऊन. "मॅडम, युरिया टाकल्यावर जोराचा पाऊस आला की तो वाहून गेला म्हणतात. पण पोटॅश वाहून गेलं असं कोणी म्हणत नाही. ते पण यामुळेच का?" आमच्या काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. पोटॅशियमचे धन आयन त्यांना चिकटून राहतात. युरियाच्या रेणूवर प्रभार नाही, म्हणून तो पाण्याबरोबर खाली उतरतो. काही दिवसांत मातीतल्या जिवाणूंमुळे त्याचे अमोनियम झाले की मग तोही धरला जातो. आम्ही दोघींनी हे फळ्यावर काढले. तिने वहीत उतरवून घेतले आणि खाली लिहिले, "पप्पांना सांगणे: युरियानंतर दोन-तीन दिवस पाणी कमी सोडा."